परग्रहावरचे जीव आणि पृथ्वीचा आकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात शनीची कडी बघून झाली की हे दोन विषय हमखास निघतात. एक जण विचारतो, "एलियन खरंच असतात का हो?" आणि दुसरा मोबाइल पुढे करतो, त्यात पृथ्वी सपाट असल्याचा व्हिडिओ. दोन्ही प्रश्नांना एकाच सुरात "शास्त्रज्ञ असं म्हणतात" असं उत्तर देण्यात अर्थ नाही, कारण दोन्हींची अवस्था सारखी नाही. एक हिशेब मिटलेला आहे, दुसरा उघडा आहे.

परग्रहावर जीव सापडला आहे का?

नाही. एक जिवाणूसुद्धा नाही.

मग तो असेल असं इतके शास्त्रज्ञ का मानतात?

त्यांच्याकडे पुरावा नाही, पण अपेक्षा धरायला आधार आहेत. हा फरक धरून ठेवला की पुढचं सगळं सोपं जातं.

पहिला आधार जागेचा. आपल्या आकाशगंगेत किमान १०,००० कोटी तारे आहेत. त्यांच्याभोवती ग्रह असतात की नाही, हे १९९० पर्यंत कोणालाच ठाऊक नव्हतं. १९९२ मध्ये एका मृत ताऱ्याभोवती, म्हणजे पल्सारभोवती ग्रह सापडले आणि १९९५ मध्ये मिशेल मेयर व दिदिए केलोझ यांना ५१ पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती ग्रह सापडला. २०१९ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. नासाच्या यादीतल्या अशा ग्रहांची संख्या सप्टेंबर २०२५ मध्ये ६,००० च्या पुढे गेली. म्हणजे 'ग्रह ही दुर्मीळ गोष्ट असेल' ही शंका आता उरलेली नाही.

दुसरा आधार कच्च्या मालाचा. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन गावाजवळ पडलेल्या उल्केत अमिनो आम्लं सापडली होती. तेव्हा कुरकुर झाली, की जमिनीवर पडल्यावर ती आत शिरली असतील. ती सोय बेन्नूच्या बाबतीत नाही. या लघुग्रहावरची माती नासाच्या यानाने थेट तिथून उचलली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये बंद डबीतून पृथ्वीवर आणली. सजीवांची प्रथिनं ज्या २० अमिनो आम्लांपासून बनतात, त्यांपैकी १४ त्यात मिळाली. शिवाय डीएनए आणि आरएनए यांची पाचही अक्षरं. हे सगळं जीव नसताना तयार झालेलं रसायन आहे. घराचा सांगाडा नाही, पण विटा, वाळू, सिमेंट जागोजागी पडलेलं दिसतं.

तिसरा आधार वेळेचा. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं आणि सर्वसाधारणपणे मान्य असलेले सर्वांत जुने जीवाश्म ३५० कोटी वर्षांच्या आसपासचे. पृथ्वी जरा निवते न निवते तोच जीव सुरू झाला, तेव्हा ते फार अवघड नसावं, असा हा तर्क.

हा तिसरा आधार मला तिघांत सगळ्यात कच्चा वाटतो. आपल्या हातात एकच उदाहरण आहे, आणि त्या उदाहरणात आपण स्वतः बसलो आहोत. जीव झालाच नाही अशा ग्रहावर हा प्रश्न विचारायला कोणी नसतंच. शिवाय साधे जिवाणू लवकर आले असले तरी प्राणी यायला पुढे जवळजवळ ३०० कोटी वर्षं गेली. म्हणून शेवाळासारखं काहीतरी पुष्कळ ठिकाणी असेल, यावर मी पैज लावीन. गप्पा मारणारं कोणी असेल, यावर लावताना हात आखडता घेईन.

लोणारचा यात काय संबंध?

आहे आणि चांगला आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार हे बेसाल्ट खडकात उल्का आदळून झालेलं विवर आहे, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. पृथ्वीवर बेसाल्टमधली अशी विवरं फार थोडी सापडतात, उलट मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बेसाल्टचाच आहे. त्यामुळे मंगळाचा अभ्यास करणारे लोणारचे दगड मागवतात.

त्याहून गंमत तळ्यात आहे. लोणारचं पाणी खारट आणि भलतंच अल्कधर्मी, सामू १० च्या आसपास. गावात विहिरीच्या पाण्याचा सामू सातच्या आगेमागे असतो. अशा पाण्यातही सूक्ष्मजीव मजेत राहतात. जून २०२० मध्ये ते तळं गुलाबी झालं आणि व्हॉट्सॲपवर नाना तर्क फिरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा उत्तर निघालं हॅलोआर्किया. पाणी आटून खारटपणा वाढला की हे मीठप्रेमी सूक्ष्मजीव फोफावतात आणि त्यांच्या रंगद्रव्याने पाणी रंगतं. काही दिवसांनी रंग गेला. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ समुद्रतळाच्या गरम झऱ्यांपाशी, सूर्यप्रकाश अजिबात नसताना भरलेली वस्ती सापडली, तीही याच मालिकेतली. जीव कुठे तग धरू शकतो याच्या आपल्या कल्पना दरवेळी तोकड्या पडल्या आहेत.

फक्त एक सांभाळा. लोणारमध्ये जीव तग धरतो, याचा अर्थ लोणारसारख्या जागी तो *सुरू* होतो असा नाही.

नारळीकरांना आकाशात जिवाणू सापडले होते ना?

हो, पण बातमी जेवढी फिरली तेवढा निष्कर्ष त्यांनी काढला नव्हता. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली २००१ मध्ये हैदराबादहून बलून सोडून ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने घेतले गेले. २००५ मध्ये इस्रोच्या मदतीने तो प्रयोग पुन्हा केला. हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांनी नमुने वेगवेगळे तपासले. तीन नव्या जिवाणू-जाती मिळाल्या. एकीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांचं नाव दिलं, एकीला इस्रोचं आणि एकीला आर्यभटाचं. अतिनील किरणांपुढे त्या जवळच्या नात्यातल्या जातींपेक्षा जास्त टिकाव धरत होत्या.

ते वरून खाली आले की खालून वर गेले? हे प्रयोगातून ठरलं नाही आणि इस्रोने तसं स्पष्ट सांगितलं. जीव अवकाशातून आला, ही कल्पना नारळीकरांना आवडती होती. तरी स्वतःच्या आवडीच्या निष्कर्षावर घाईने शिक्का मारला नाही, म्हणून मला हा प्रयोग लक्षात राहतो.

मंगळावर २०२५ मध्ये काहीतरी सापडलं म्हणे?

पर्सिव्हिअरन्स या रोव्हरने जुलै २०२४ मध्ये जेझेरो विवराच्या भागातल्या चेयावा फॉल्स नावाच्या दगडाला भोक पाडून नमुना घेतला. दगडावर बिबट्यासारखे ठिपके, आणि त्या ठिपक्यांत व्हिव्हिअनाइट व ग्रेगाइट ही लोहाची खनिजं. पृथ्वीवर अशी जोडी बऱ्याचदा जिवाणूंच्या चयापचयातून होते. सप्टेंबर २०२५ मध्ये शोधनिबंध आला, त्यात 'संभाव्य जैवखूण' एवढंच म्हटलं आहे. जिवाशिवायही ती खनिजं होऊ शकतात. नमुना अजून मंगळावरच आहे, आणि तो प्रयोगशाळेत आल्याशिवाय वाद मिटणं कठीण.

सावधगिरीला कारण आहे. अंटार्क्टिकात सापडलेल्या मंगळाच्या उल्केत जीवाश्म असल्याचं ऑगस्ट १९९६ मध्ये जाहीर झालं, अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन त्यावर बोलले, आणि पुढे एकेक खूण जिवाशिवायही समजावता येऊ लागली. त्याआधी १९७६ च्या व्हायकिंग यानांच्या एका प्रयोगाचं उत्तर 'जीव आहे' असं दिसत होतं आणि दुसऱ्या उपकरणाला मातीत सेंद्रिय द्रव्यच मिळेना.

आणि त्या के२-१८बी ग्रहाचं?

१२४ प्रकाशवर्षं दूर. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने तिथल्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइडची चाहूल लागल्याचं सांगितलं. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः सागरी सूक्ष्मजीव सोडतात. इतर गटांनी तीच निरीक्षणं वेगळ्या पद्धतीने तपासली, तर त्यांना ती चाहूल टिकाऊ वाटली नाही. सध्या तरी हे 'शक्य आहे' या खात्यात.

इतके ग्रह असतील तर कोणी आलं का नाही?

१९५० मध्ये एन्रिको फर्मी यांनी जेवताना हाच प्रश्न टाकला होता. उत्तरं डझनावारी आहेत. मला पटणारं साधं आहे. आकाशगंगा सुमारे १ लाख प्रकाशवर्षं रुंद आहे आणि आपला रेडिओ गोंगाट जेमतेम १०० प्रकाशवर्षांपर्यंत पोचला आहे. फ्रँक ड्रेक यांनी १९६० मध्ये पहिल्यांदा रेडिओ दुर्बीण लावून दोन ताऱ्यांकडे कान दिला, १९६१ मध्ये आकाशगंगेत संपर्क करू शकतील अशा किती संस्कृती असतील याचा अंदाज बांधणारं आपलं प्रसिद्ध समीकरण मांडलं. त्या समीकरणातले पहिले एक-दोन आकडे आता मोजता येतात. शेवटचा, म्हणजे प्रगत संस्कृती किती काळ टिकते, तो कोणीही आपल्या स्वभावाप्रमाणे घालतो. आशावादी माणसाचं उत्तर लाखांत येतं, खिन्न माणसाचं एक.

परग्रहवासी ही कल्पना आधुनिकच ना?

मुळीच नाही. एपिक्युरसने इसवी सनापूर्वी सुमारे ३०० मध्येच जगं अगणित आहेत असं लिहिलं. १६०० मध्ये रोमला जिवंत जाळलेला जिओर्दानो ब्रूनो ताऱ्यांभोवती वस्ती असलेली जगं मानत असे. त्याच्यावरच्या आरोपांत मात्र ख्रिस्ती धर्मतत्त्वांबद्दलचे मुद्दे मोठे होते, एवढं लक्षात ठेवा. युरेनस शोधणारा विल्यम हर्शेल तर सूर्यावरही वस्ती असावी असं म्हणे, आणि हे त्याने १७९५ मध्ये गंभीरपणे छापलं! १८३५ मध्ये न्यूयॉर्कच्या 'सन' या वृत्तपत्राने त्याच्या मुलाच्या नावाखाली चंद्रावर पंखवाली माणसं दिसल्याच्या बातम्या दिल्या. त्या शुद्ध थापा होत्या. विसाव्या शतकाच्या तोंडावर पर्सिव्हल लोवेलने मंगळावर कालव्यांचं जाळं काढलं आणि १९६५ मध्ये मरिनर ४ ने जवळून फोटो पाठवले, तेव्हा दिसली ती खड्ड्यांनी भरलेली कोरडी जमीन.

पूर्वी विश्वास जास्त होता आणि आधार कमी. आज नेमकं उलटं झालंय.

कोलंबसापर्यंत युरोपात पृथ्वी सपाट मानत होते, हे खरं का?

खोटं, पण शाळेपासून कानावर पडलेलं असल्यामुळे निघता निघत नाही. अगदी आरंभीचे ग्रीक सपाट मानत. अनॅक्झिमँडरची पृथ्वी ढोलाच्या आकाराची होती. पण ॲरिस्टॉटलच्या काळापर्यंत, म्हणजे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात, शिकलेल्यांत गोल पृथ्वी पक्की झाली होती. तेराव्या शतकात साक्रोबोस्कोचं गोलावरचं पुस्तक युरोपभर विद्यापीठांत लावलेलं होतं. कोलंबसाचा पंडितांशी वाद आकाराचा नव्हता, अंतराचा होता. त्याच्या हिशेबाने कॅनरी बेटांपासून जपान सुमारे ४,४०० किलोमीटरवर होता. खरं अंतर १९,००० च्या पुढे. म्हणजे पंडित बरोबर होते आणि कोलंबस चुकला होता. वाटेत अमेरिका आडवी आली म्हणून तो वाचला. 'सपाट पृथ्वीवाले पंडित' हे चित्र लोकप्रिय केलं ते वॉशिंग्टन आयर्विंगने, १८२८ च्या कोलंबस-चरित्रात.

ग्रहणावरून गोल कसं कळतं? थाळीचीही सावली गोलच पडते की.

चांगली शंका. थाळीची सावली गोल पडते ती उजेड समोरून असेल तेव्हा. ७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास चंद्रग्रहण आपल्याकडे मध्यरात्रीच्या सुमारास होतं, सूर्य साधारण पायाखाली. तेव्हा थाळीही चालली असती. पण पंचांगात ज्याला ग्रस्तोदित म्हणतात, म्हणजे ग्रहण लागलेलाच चंद्र उगवतो, त्या वेळी सूर्य क्षितिजावर असतो. थाळीची सावली तेव्हा पट्टीसारखी पडायला हवी. तिची कड तेव्हाही गोलच दिसते. कुठूनही उजेड टाकला तरी गोल सावली पाडणारा आकार एकच, चेंडूचा.

आपल्या पूर्वजांना पृथ्वी गोल आहे हे माहीत होतं का?

कुठल्या पूर्वजांना, हे विचारायला हवं. आपल्याकडे दोन परंपरा शेजारी शेजारी नांदत होत्या. पुराणांतली पृथ्वी सपाट आहे. मध्ये मेरू, भोवती जंबुद्वीप, मग एकाआड एक द्वीपं आणि खारं पाणी, उसाचा रस, तूप, दही, दूध यांचे समुद्र. सिद्धांतग्रंथांतली, म्हणजे ज्योतिर्गणित करणाऱ्यांची पृथ्वी गोल आहे. आर्यभटाने (४९९) तिला कदंबाच्या फुलाची उपमा दिली. गोळ्याला चहूबाजूंनी केसर, तसे पृथ्वीला चहूबाजूंनी जीव. तिचा व्यास त्याने १,०५० योजनं दिला.

भास्कराचार्यांच्या 'सिद्धांतशिरोमणी'त (११५०) ही चर्चा वाचण्यासारखी आहे, कारण तिथे नुसतं मत नाही, उलटतपासणी आहे. पृथ्वी आरशासारखी सपाट असेल, तर वर फिरणारा सूर्य देवांसारखा माणसांनाही कायम का दिसत नाही? मेरूआड गेल्याने रात्र होते म्हणता, तर मग तो मेरू आम्हाला का दिसत नाही? पृथ्वीला कोणीतरी तोलून धरलंय म्हणाल, तर त्या तोलणाऱ्याला कोणी धरलंय? आणि डोळ्यांना जमीन सपाट दिसते, ती परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो म्हणून. पृथ्वी प्रचंड, माणूस चिमुकला. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातू चांगदेवाने मठ काढला, त्याचा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला.

म्हणून "आपल्या ग्रंथांत सगळं होतं" म्हणणारे आणि "आपल्याकडे सगळी पुराणंच" म्हणणारे, दोघेही अर्धं पान वाचतात. भास्कराचार्यांचीही पृथ्वी स्थिर होती, सूर्य तिच्याभोवती फिरत होता. हा तिढा मराठीत सोडवायला बसला तो सुबाजी बापू. भोपाळजवळ सीहोरला लॅन्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या आश्रयाने शिकवणाऱ्या या पंडिताने पुराणं, सिद्धांत आणि कोपर्निकस या तिन्ही मतांची तुलना करणारा 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' १८३६ मध्ये मुंबईत छापला. मराठीतल्या विज्ञानलेखनाची चर्चा होते तेव्हा त्याचं नाव क्वचित येतं, याचं मला वाईट वाटतं.

सावलीवरून पृथ्वी मोजता येते का? घरी करता येईल?

येते. एराटोस्थेनिसने इसवी सनापूर्वी २४० च्या सुमारास अलेक्झांड्रिया आणि आजचं आस्वान यांच्यात हेच केलं. आपल्याकडे सोय जास्त चांगली, कारण महाराष्ट्रभर वर्षातून दोनदा शून्य सावलीचा दिवस येतो. कोल्हापुरात तो ६-७ मेच्या आसपास असतो. त्या दिवशी ऐन मध्यान्ही कोल्हापुरात काठीची सावली नाहीशी होते. त्याच दिवशी धुळ्यातल्या मित्राला अंगणात १ मीटरची काठी ओळंब्यात उभी करायला सांगा. मध्यान्ही तिची सावली सुमारे ७.३ सेंटीमीटर भरेल, म्हणजे ४.२ अंशांचा कोन. दोन गावांचं दक्षिणोत्तर अंतर सुमारे ४६५ किलोमीटर. त्याला ३६० ने गुणून ४.२ ने भागा, ३९,८५० च्या आसपास येतं. ध्रुवांवरून मोजलेला खरा परीघ ४०,००८.

आता खोच ऐका. दोनच काठ्या असतील तर सपाट-पृथ्वीवालाही हीच सावली समजावू शकतो. तो म्हणेल, जमीन सपाट आहे आणि सूर्य फक्त ६,३३० किलोमीटर उंच आहे. प्राचीन चिन्यांनी हेच केलं होतं. सपाट पृथ्वी धरून, सावल्या मोजून सूर्याची उंची ८०,००० ली काढली. गणितात खोट नव्हती, गृहीतात होती. त्याला चकवायचं तर तिसरी काठी हवी, आणि दूर हवी. रशियातलं ओम्स्क जवळपास कोल्हापूरच्याच रेखांशावर आहे. त्याच मध्यान्ही तिथे १ मीटरच्या काठीची सावली सपाट हिशेबाने ६७ सेंटीमीटर यायला हवी. गोल हिशेबाने ७९. पडते ती ७९.

पृथ्वी तंतोतंत गोल आहे का?

नाही. विषुववृत्ताकडची त्रिज्या ध्रुवांकडच्या त्रिज्येपेक्षा २१ किलोमीटरने जास्त आहे. न्यूटनने हे गणितातून सांगितलं, फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ कासिनीच्या गोटाचं म्हणणं उलट होतं. मग १७३५-३६ मध्ये फ्रेंचांनी एक तुकडी दक्षिण अमेरिकेला आणि एक लॅपलँडला पाठवून मोजलं, न्यूटन जिंकला.

भारतात हे काम विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केलं. अर्ध्या टनाचं कोनमापक यंत्र बैलगाड्यांनी आणि माणसांच्या खांद्यावर टेकड्यांवर, देवळांच्या गोपुरांवर चढवत तो उत्तरेकडे सरकत गेला. वीस वर्षांनी, जानेवारी १८२३ मध्ये, नागपूरच्या वाटेवर वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. कबर तिथेच आहे. या मोजणीवरून जॉर्ज एव्हरेस्टने १८३० मध्ये पृथ्वीच्या चपटेपणाचे जे आकडे काढले, त्यांच्यावर भारतातले नकाशे दीड शतकाहून जास्त काळ उभे होते.

सपाट-पृथ्वीवाल्याशी वाद घालावा का?

पैज लावून तर नकोच. १८७० मध्ये निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसने ५०० पौंडांची पैज घेतली. इंग्लंडातल्या एका सरळ कालव्यावर सहा मैलांत सारख्या उंचीच्या तीन खुणा, दुर्बिणीतून मधली वर दिसली, पंचाने निकाल दिला. हरलेल्या हॅम्पडनने पुढची कित्येक वर्षं वॉलेसला आणि त्याच्या बायकोला शिवीगाळ करणारी पत्रं लिहिली, तुरुंगातही जाऊन आला. कोर्टकज्जात वॉलेसचे पैशापरी पैसे गेले. मी समोरच्याला एवढंच विचारतो, "काय दिसलं तर तू मत बदलशील?" काही सांगितलं तर पुढे बोलतो. "काहीच नाही" म्हणाला तर चहा मागवतो.

आकाशात विचित्र दिवे दिसले तर?

आधी वेळ, दिशा आणि किती सेकंद दिसलं ते लिहून ठेवा, व्हिडिओत जमिनीवरचं एखादं झाड किंवा खांब येऊ द्या. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रात असंख्य लोकांना आकाशातून जळते गोळे ओळीने जाताना दिसले. कोणी उल्का म्हणालं, कोणी विमान, कोणी तबकडी. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरी गावात धातूची मोठी रिंग पडली, आसपास गोल टाक्या सापडल्या. तो चिनी रॉकेटचा परत येताना फुटलेला टप्पा होता. ओळीत शिस्तीत जाणारे ठिपके दिसले तर बहुतेक वेळा ते स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले उपग्रह असतात. संध्याकाळी पश्चिमेला हलत नसलेला झगझगीत दिवा म्हणजे जवळपास नेहमी शुक्र. आणि काही पडलेलं सापडलं तर हात न लावता तहसील कार्यालयाला किंवा पोलीस पाटलांना कळवा; रॉकेटच्या टाक्यांत विषारी इंधन उरलेलं असू शकतं.